सिकलसेलची तपासणी कुठली बरी, हे आम्हाला विचारलं तेव्हा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, म्हणजे काय, हे कुणाला फोडून सांगावं लागत नाही. गावात दोन-चार घरं तरी असतातच, जिथलं एखादं पोर मधूनच शाळेतून गायब होतं आणि विचारलं की आई म्हणते, "हाडं दुखून राह्यले त्याचे." मी त्याच पोरांतली एक. पॅटर्न एसएस, म्हणजे सिकलचं 'एस' हिमोग्लोबिन आई आणि बाप दोघांकडूनही आलेलं. आता पस्तिशी ओलांडली. तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, दुखण्याचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज चालू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आल्यापासून प्रमाणपत्राचे फॉर्म माझ्याच दुकानात भरले जातात, त्यामुळे आजूबाजूच्या बऱ्याच पेशंटांकडे माझा नंबर असतो.

तो नंबर फिरत फिरत एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या डॉक्टर मॅडमकडे गेला. गावपातळीवर सिकलसेल शोधायला कोणती तपासणी वापरावी याचं मूल्यमापन चाललं आहे, त्यात पेशंटचं आणि साध्या गावकऱ्यांचंही म्हणणं हवं आहे, असं त्या म्हणाल्या. मी आधी विचारलं, "रक्त काढणार का?" कारण आमच्याकडे रक्त नेणारे पुष्कळ येऊन गेले, निकाल घेऊन परत येणारे कमी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रक्त नको, वेळ पाहिजे."

वेळच तर महाग होता. त्यांनी जुलैच्या शेवटची तारीख काढली होती. जुलैत आमच्या या झाडीपट्टीत धानाची रोवणी चालू असते. त्या दिवसांत बाईला रोजी मिळते, आणि रोजी सोडून ती हॉलमध्ये बसून मत कशाला देईल? मी त्यांना सांगितलं, पोळा होऊ द्या, मग कापणीच्या आत कधीही ठेवा. आणि येणाऱ्याला त्या दिवसाची रोजी द्या, नुसता चहा-पोहा नको. पोळ्यानंतरची तारीख लगेच मान्य झाली. रोजीसाठी त्यांना वर बरीच पत्रं लिहावी लागली म्हणे. बजेटमध्ये 'अल्पोपाहार' होता, 'रोजी' नव्हती.

हे मूल्यमापन काय असतं, ते मला त्यांच्याशी फोनवर बोलून बोलून समजलं. औषध असो, मशीन असो की तपासणी, ती चालते का एवढंच विचारून सरकारचं भागत नाही. आहे त्यापेक्षा ती किती बरी, तिला किती पैसा लागतो आणि त्या पैशात माणसाला निरोगी आयुष्य किती मिळतं, हे मोजावं लागतं. दिल्लीत केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाखाली त्यासाठी 'एचटीएइन' नावाची यंत्रणा आहे आणि वेगवेगळ्या संस्था तिच्यासाठी असे अभ्यास करतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. एवढ्या लोकांच्या बोटाला सुई टोचायची तर टोचल्यावर पुढे काय करायचं, यातला चार आण्याचा फरकसुद्धा कोटींत जातो. म्हणून हा सगळा खटाटोप.

बैठकीच्या आधी आम्हा पेशंटांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. जगभर वापरतात ती, ईक्यू-फाइव्ह-डी. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, काळजी-उदासी, अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला पाच पायऱ्या, आणि शेवटी शून्य ते शंभरची एक उभी पट्टी. आपली तब्येत आज कुठे आहे तिथे खूण करायची. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी पट्टीवर नव्वदला खूण केली. मी चाट पडले. पंधरवड्यापूर्वीच त्यांना रिक्षात आडवं घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. सलाइन, दुखण्याची इंजेक्शनं, रात्रभर त्यांचं कण्हणं आख्ख्या वॉर्डानं ऐकलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आजचं विचारलं ना जी? आज बरी आहो."

त्यांचं बरोबर होतं. ती प्रश्नावली फक्त आजच्या दिवसाचं विचारते. गुडघेदुखीच्या माणसाला ते चालून जातं, त्याचं आज आणि परवा सारखंच. सिकलसेलमध्ये माणूस सोमवारी निंदणाला जातो आणि गुरुवारी त्याला कूस बदलवत नाही. चांगल्या दिवशी भरलेल्या कागदावरून आम्ही कागदोपत्री जवळपास निरोगी ठरतो, आणि मग आमच्यावर केलेल्या खर्चातून 'मिळालेलं आयुष्य' थोडंच दिसतं. मी हे बोलल्यावर टीममधला तरुण डॉक्टर म्हणाला की ही त्रुटी माहीत असलेली आहे, पण प्रश्नावली आपल्याला बदलता येत नाही. बदलली तर तिला लावायचे गुण लागू होत नाहीत.

गुण कुठून येतात, असं मी विचारलं. मला वाटलं होतं पेशंटांना विचारून. तर नाही. भारतासाठीचे गुण काढताना साडेतीन हजारांवर सर्वसामान्य लोकांच्या मुलाखती झाल्या होत्या. त्यात काय विचारतात, तर अशा दुखऱ्या अवस्थेत दहा वर्षं काढणं आणि पूर्ण धडधाकट राहून त्याहून कमी वर्षं जगणं, यातलं काय घ्याल? किती वर्षं सोडायला तयार व्हाल? त्यावरून त्या अवस्थेचं मोल ठरतं. पैसा जनतेचा म्हणून जनतेचं मत, हा त्यामागचा विचार. मला तो विचार पटतो, पण अर्धाच. ज्याला कधी रात्री तीन वाजता नडगीत कुणी आतून खिळा ठोकल्यासारखं झालं नाही, तो ती रात्र किती वर्षांना विकेल हे मी त्याच्यावर का सोडू? टीमनं एक केलं, प्रश्नावलीच्या जोडीला आम्हाला दुखण्याची वही दिली. मागच्या महिन्यात किती दिवस दुखलं, कामाचे किती बुडाले, कुणाला सोबत थांबावं लागलं, हे सगळं तिच्यात लिहायचं. वही हिशोबात कितपत धरतील हा वेगळा प्रश्न.

बैठक पंचायत समितीच्या सभागृहात झाली. पेशंट, पेशंटांचे आईबाप, चार-पाच आशाताई, आणि ज्यांच्या घरात सिकलसेल नाही असे काही गावकरी. या शेवटच्यांना कशाला बोलावलं, हे आम्हाला आधी कळलं नव्हतं.

टेबलावर तपासण्या मांडल्या होत्या. पहिली आमच्या ओळखीची, सोल्युबिलिटी. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळी रेघांच्या कागदासमोर धरायची. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर काही नाही. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकल आहे. खूप स्वस्त. पण माणूस नुसता वाहक (एस फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आलेला) आहे की रोगी, हे ती सांगत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर चकवतेच, कारण तेव्हा बाळाच्या रक्तात पोटातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. म्हणून गढूळ आलं की पुढची तपासणी मोठ्या ठिकाणी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनवर. दुसरी म्हणजे नवी कार्डं. बोटाचं रक्त, दहा-पंधरा मिनिटं, आणि वाहक की रोगी हे तिथल्या तिथे.

टीमच्या तक्त्यात कार्डाच्या बाजूनं 'जलद निकाल' आणि 'अचूकता' होती, विरुद्ध बाजूला 'किंमत'. मला वाटलं, झालं, आता आम्ही कार्ड म्हणायचं आणि घरी जायचं.

तेवढ्यात एका आशाताईनं कार्ड हातात घेतलं. त्या प्रकारच्या कार्डावर उलटा हिशोब असतो. ए, एस, सी अशा हिमोग्लोबिनच्या प्रकारांच्या जागा असतात, आणि ज्या जागी रेघ उमटते ते हिमोग्लोबिन रक्तात नसतं, जिथं उमटत नाही ते असतं. म्हणजे माझ्यासारखीच्या रक्तावर एसची जागा कोरी राहणार. आशाताईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाली, "सर, मलेरियाच्या किटवर रेघ आली का मलेरिया. निश्चय किटवर दोन रेघा आल्या का बाई गरोदर. आता इथं रेघ आली का नाही, आणि नाही आली का आहे? एका पिशवीत तिन्ही किट राहतील माझ्या. शेवटच्या घरी पोहोचतो तवा दिवस बुडते, लाईन राहत नाही. बल्बावाचून कोरी जागा मी कशी वाचू?"

हॉलमध्ये हशा झाला, पण टीममधलं कुणी हसलं नाही. अचूकतेचे जे आकडे तक्त्यात होते, ते सरावलेल्या तंत्रज्ञाच्या हातचे होते. आमच्या आशाताईच्या हातात, मोबाइलच्या उजेडात, ती अचूकता किती उरेल हे कुणी मोजलंच नव्हतं. मला वाटतं त्या दिवसाची सगळी रोजी या एका प्रश्नानं वसूल झाली.

दुसरी गोष्ट एका बापानं सांगितली. त्याच्या मुलीला एका दवाखान्यात रक्त चढवलं होतं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात तपासणीचं शिबिर लागलं. निकाल आला 'वाहक'. वाहकाला औषध लागत नाही, म्हणून पोरगी काही वर्षं औषधावाचून राहिली आणि दुखण्याला सगळे 'वाढीचं दुखणं' म्हणत राहिले. चढवलेलं रक्त निरोगी माणसाचं, त्यातलं ए हिमोग्लोबिन पोरीच्या एससोबत दिसलं आणि ती अर्धी बरी ठरली. डॉक्टर लोकांना हे माहीत नसतं असं नाही, पुस्तकात आहेच. पण शिबिराच्या फॉर्मवर 'गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का?' हा रकाना नव्हता, आणि खुर्चीवर बसलेल्यानं विचारलं नाही. तपासणी नळीची असो की कार्डाची, हा रकाना नसेल तर तिची अचूकता काय कामाची?

मग निघाला लग्नाचा विषय. तो निघणारच होता.

'जलद निकाल' हा तक्त्यातला फायदा एका कॉलेजातल्या पोरीला धोका वाटत होता. तिच्या गावी समाजमंदिरात तपासणी झाली, नावं मोठ्यानं पुकारली, आणि संध्याकाळपर्यंत कोण वाहक हे पाटलाच्या आवारापासून बौद्धपुऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तिच्या मावसबहिणीची जुळत आलेली सोयरीक तिथंच थांबली. पोराकडच्यांनी स्वतःच्या पोराची तपासणी मात्र केलीच नाही. पोरगी म्हणाली, "पंधरा मिनिटांत निकाल देता तर पंधरा मिनिटं एक खोली पण द्या." त्यावर एक तरुण शेतकरी उठला. लपवून ठेवल्यानंच तर हे वाढलं, दोन वाहकांचं लग्न झालं की दर बाळंतपणात चारातला एक धोका एसएसचा, हे गावानं उघड बोललं पाहिजे, पत्रिका जुळवता तसं रक्तही जुळवा, असं त्याचं म्हणणं. पोरगी बोलली, "जुळवा ना, पण आधी पोरांचं तपासा." बरीच गरमागरमी झाली. यावर एकमत झालं नाही आणि टीमनंही ते ओढूनताणून केलं नाही, दोन्ही बाजू तशाच लिहून घेतल्या. मी पोरीच्या बाजूची. निकाल लवकर मिळावा, पण ज्याचा त्याला.

पैशाच्या गोष्टीला टीमनं बसभाड्यापासून सुरुवात केली. बायांनी त्यात भर घातली. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे जाणाऱ्याची रोजी, सोबतच्याची रोजी, दुपारचं जेवण, घरी राहिलेल्या लेकरासाठी शेजारणीचे उपकार. आणि एसटीची गंमत. सिकलसेलच्या पेशंटला एसटीचा प्रवास मोफत आहे. पण त्याला निदानाचा कागद लागतो, आणि कागद ज्या तपासणीनं मिळतो तिथं जायला तिकीट काढावं लागतं. नळी स्वस्त दिसते ती यामुळेच. तिच्यापुढचा सगळा प्रवास पेशंटच्या खिशातून होतो आणि सरकारच्या वहीत येत नाही. कित्येक जण नळी गढूळ आल्यावर पुढे गेलेच नाहीत. काही जण मिरची तोडायला तेलंगणात निघून गेले ते होळीलाच परतले, तोवर यादी जुनी झाली.

आणि आता ते घरात सिकलसेल नसलेले गावकरी. त्यांच्यातले एक किराणा दुकानदार काकाजी सकाळपासून गप्प होते. दुपारी म्हणाले, "तुमचं सगळं ऐकलं जी, खरं आहे. पण हे महागडं कार्ड घेतलं तर पैसा कुठून काढणार? आमच्या उपकेंद्रावर साप चावलेल्याला तालुक्याला पाठवते. रोवणीत दरसाल कोणी ना कोणी चावते. तो पैसा तिकडं गेला तर?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आम्ही दुखण्याचं सांगतोय आणि हे सापाचं काढून बसलेत. पण त्यांना बोलावलं होतं ते त्यासाठीच. पेशंट स्वतःच्या रोगाचं सांगतो, ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पण थैली एकच आहे, हे आठवण करून द्यायला ज्याला यातून काही मिळायचं नाही असा माणूस लागतो. इंग्लंडमध्ये औषधं पारखणाऱ्या 'नाइस' संस्थेनं २००२ मध्ये तीस साध्या नागरिकांची एक परिषदच नेमली होती, असं तरुण डॉक्टर म्हणाला. त्याच संस्थेनं २०२५ च्या जानेवारीत सिकलसेलच्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली, ज्याची छापील किंमत एका माणसामागे साडेसोळा लाख पौंड आहे, आणि तिथल्या पेशंटांचं म्हणणं त्या निर्णयाआधी ऐकलं गेलं होतं. काकाजींनी त्या पौंडांचे रुपये मोबाइलवर करून पाहिले आणि मोबाइल खिशात ठेवून दिला.

मेळघाटात काम केलेले एक जुने कार्यकर्तेही आले होते. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकांची देखरेख सुरू झाली, त्यात अमरावती जिल्हा पहिल्या पाचांत होता. ते जेवताना म्हणाले, जनसुनवाईत आम्ही 'डॉक्टर का नव्हता?' असा जाब विचारायचो, समोरचा माणूस तरी दिसायचा. इथं तक्त्याला जाब विचारायचा आहे, तो जास्त अवघड. तक्ता कधीच चिडत नाही.

माझी मुख्य तक्रार तक्त्याचीच आहे. आम्हाला बोलावलं तेव्हा तो तयार होता. कोणत्या दोन गोष्टींची तुलना करायची, काय मोजायचं, कुणाचा खर्च धरायचा, हे आधीच ठरलं होतं, आणि आम्ही त्याच्या कडेनं लिहीत गेलो. आशाताईचा प्रश्न सुरुवातीलाच ऐकला असता तर अभ्यासात आशांच्या हातून कार्डं वाचून घेतली असती. हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं, पण मान्य करून अभ्यास मागे जात नाही.

काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर दोन पानांची मराठी टिपणी आली. आमच्या म्हणण्यातलं काय घेतलं, काय नाही आणि का नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. रक्त चढवल्याचा रकाना घेतला. पेशंटच्या खिशातला खर्च आणि सोबतच्याची रोजी हिशोबात धरली, आणि त्यामुळे नळी वाटली होती तेवढी स्वस्त राहिली नाही. निकाल एकांतात सांगावा ही शिफारस लिहिली. आशांकडून कार्ड वाचण्याची चाचणी 'पुढील अभ्यासात'. दुखण्याची वही 'पूरक माहिती' म्हणून शेवटी जोडली, म्हणजे हिशोबात नाहीच. पुढे राज्याच्या पातळीवर काय ठरतं ते अजून आलेलं नाही. ती टिपणी मी दुकानाच्या काचेला लावली. लोक वाचतात. एकानं विचारलं, "यात आपल्या गावाचं नाव काहून नाही?" नाव घालायचं नाही असंच ठरलं होतं, तेही त्याला सांगितलं.

आता पुढचा विषय निघालाय, लहान मुलांच्या हायड्रॉक्सीयुरियाचा. नेहमी मिळते ती कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, आणि मुलाचा डोस वजनावर ठरतो. मग पातळ औषध आणावं का, परवडेल का, असा प्रश्न. या वेळी मी अट घातली की तक्ता बनायच्या आधी बोलवा. तोवर दुकानात फॉर्मसाठी येणाऱ्या आयांना मी आपणहून विचारायला लागले की सध्या पोराला गोळी कशी देता. बहुतेकींचं उत्तर एकच आलं. कॅप्सूल उघडायची, भुकटी ताटलीत काढायची, बोटानं अंदाजे दोन ढीग करायचे, एक साखरेच्या पाण्यात कालवायचा आणि दुसरा पुडीत बांधून उद्यासाठी ठेवायचा. त्यातली एक बाई सातव्या महिन्यात होती. ही भुकटी गरोदर बाईनं हाताळायची नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं मी मॅडमना लिहून पाठवलं. घरात औषध कोण हाताळतं हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. तो घातला, असा त्यांचा मेसेज आलाय. अभ्यासाला मंजुरी अजून मिळायची आहे.